दोन वर्षं, दोन महिने, वीस दिवस

३ मार्च १९९७, सोमवार

माझं वय चुकलंय! दोन वर्षांनी! आणि हे मला आज, तेहतिसाव्या वर्षी — की पस्तिसाव्या? — एका वकीलबाईने सांगावं!

ड्युटी संपल्यावर चार वाजता नानपुऱ्यात हंसाबेनच्या ऑफिसात गेले. परदेशी जाणाऱ्यांचे कागद त्या तयार करतात. व्हिसा, वर्क परमिट, शिकायला जाणाऱ्या पोरांचे फॉर्म. बाहेर बाकावर दहा-बारा जण ताटकळत बसलेले. कुणाकडे जन्माचा दाखलाच नाही, कुणाच्या बापाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. मी आपली ऐटीत. माझी फाइल पूर्ण! पासपोर्ट, नर्सिंगचं सर्टिफिकेट, हॉस्पिटलचं चौदा वर्षांच्या नोकरीचं पत्र, टोरांटोच्या पटेल कुटुंबाचं बोलावणं आणि जन्माचा दाखला. माझ्या वयाच्या खानदेशी बायकांत असा दाखला असलेली सबंध सुरतेत मी एकटीच असेन. बाबांच्या पत्र्याच्या डब्यात तो कायम असायचा. बाबा गेल्यापासून डबा आईच्या उशाशी. घडी उलगडून मी तो कधी वाचला नव्हता. तारीख काय वाचायची? शाळेत मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावला होता, तोच मला पाठ.

हंसाबेन म्हणाल्या, "वाह बेन, आ तो बहु सारुं." मग चष्मा वर केला. मग पुन्हा खाली. "आमां तो बार मार्च एकसठ छे. पासपोर्टमां एक जून त्रेसठ."

बोटांवर मोजलं त्यांनी. दोन वर्षं, दोन महिने, वीस दिवस.

नाव माझंच, रंजना. बाप काशिनाथ, आई मंगला, जन्मगाव म्हणजे आईचं माहेर. सगळं बरोबर. फक्त मी त्यात मोठी.

"घेर जईने माने पूछो," म्हणाल्या. घरी आले तर आई झोपलेली. उठवलं नाही.

४ मार्च

आरशात बघून घेतलं. छत्तीसची मुळीच दिसत नाही!

पटेलांची अट पस्तिशीच्या आतल्या बाईची आहे. टोरांटोत त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बा, म्हणजे आई, आहेत. त्यांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, त्यांच्याच घरात राहायचं. पटेलांचे पुतणे मगनभाई कामरेजला असतात. ते हॉस्पिटलात येऊन मला पेशंट उचलताना बघून गेले — गुरांच्या बाजारात बघतात तसे! "पांत्रीस उपरनी ना जोईए," तोंडावर म्हणाले. मी म्हटलं, तेहतीस पूर्ण. आता दाखल्याप्रमाणे पुढच्या बुधवारी मला छत्तीस पूर्ण होणार.

बाबा लकव्याने अकरा वर्षं पडून होते. त्यांची कूस बदलता बदलता माझं लग्नाचं वय निघून गेलं. ते गेलं ते गेलं. पण जी दोन वर्षं मी जगलेच नाही ती कशाला माझ्या माथी?

मला जायचंय. इथे पान संपेपर्यंत नुसतं हेच लिहावंसं वाटतंय. मला जायचंय.

५ मार्च, बुधवार

अक्षर बघ कसं आलंय.

आईला विचारलं. दुपारची जेवणाची वेळ. सुभद्राबाई चुलीपाशी — म्हणजे स्टोव्हपाशी, पण आई चूलच म्हणते — भाकरी थापत होती. सुभद्राबाई माझी मावसबहीण. कोसाडला राहते, नवरा वारला, मुलगा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर. घरी साड्यांचे धागे कापायचं काम करते आणि आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येऊन आईचं बघते. मी गेले की ती इथेच राहायला येणार, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

मी दाखला आईपुढे धरला. तिला वाचता येत नाही, तरी तिने तो ओळखला. मी म्हटलं, ही तारीख कुणाची?

आईने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुन्ही नही. तुन्हा आगोदर एक व्हती. तिन्ही."

"कोण होती?"

"पोर. पहिली. तिन्हं नाव बी रंजना."

"मग?"

"मरनी."

इतकंच! तेहतीस वर्षांत एकदाही नाही, आणि आज ताटावर बसून एका शब्दात! मला एक बहीण होती. तिचं नाव माझंच होतं. नाही, माझं नाव तिचं आहे! ती गेली, तिचं नाव धुऊन-पुसून मला घातलं. वर दाखलाही तिचाच.

सुभद्राबाईच्या हातून भाकर करपली. सगळ्या खोलीत धूर झाला. मी तिच्यावरच ओरडले.

७ मार्च

कशाने गेली विचारलं तर आई म्हणाली, गोवर. आज पुन्हा विचारलं तर म्हणाली, जुलाब. किती महिन्यांची होती? आठ. कुठे पुरली? "तठेच." तठे म्हणजे कुठे? तर उठून मोरीत गेली.

पस्तीस वर्षं झाली, विसरली असेल. तरी पण पहिलं मूल! वॉर्डात बघते ना मी. बायका सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

११ मार्च, मंगळवार

रजा टाकून आईच्या गावी जाऊन आले. अमळनेरपर्यंत पॅसेंजर, पुढे एसटी. हंसाबेननीच सांगितलं होतं: पहिली वारल्याची नोंद आणा, प्रश्न मिटला. रंजना एक गेली, रंजना दोन ही तुम्ही. माझी नोंद कुठेच नाही. मी सुरतेतच जन्मले, उधन्याच्या एका खोलीत, सुइणीच्या हातून. बाबा तेव्हा लूमवर डबल पाळीत. कोण जातंय नोंदवायला?

ग्रामपंचायतीचा क्लार्क बिचारा फार भला. कपाटातून जुनी वही काढून दिली. जन्माची नोंद लगेच सापडली. माझे आजोबा गावचे पोलीस पाटील, जन्म-मृत्यू त्यांच्याच हातचे. बाकी सगळ्या ओळींत नुसतं 'मुलगा', 'मुलगी'. या एका ओळीत मात्र 'मुलगी — रंजना'. पहिली नात! नाव घातल्याशिवाय राहवलं नाही म्हाताऱ्याला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग मृत्यूची वही. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टसुद्धा. एकेक पान. नाही! क्लार्क म्हणाला, लहान लेकरू गेलं तर तेव्हा कोण नोंदवायचं, ताई. खरंय. पण वही तर आजोबांचीच होती! ज्याने कौतुकाने नाव लिहिलं त्याने तिचं जाणं लिहिलं नाही?

चिंधामामाकडे जेवले. आईचा धाकटा भाऊ, आता साठीला आला. मी म्हटलं, मामा, आईची पहिली मुलगी कशाने वारली? त्यांचा घास हातातच राहिला. "मरनी? कोन सांगं तुले?" मी म्हटलं, आईनेच. "मंगलानी सांगं?" मग मामीकडे बघितलं आणि ताक मागितलं. पुढे जेवण होईपर्यंत पावसापाण्याच्याच गोष्टी. मार्च महिन्यात!

१२ मार्च

आज ती असती तर छत्तीसची.

आईने सकाळी गुळाचा शिरा केला. म्हटलं, आज काय विशेष? म्हणे, सहज. मार्चमध्ये असा सहज शिरा दरवर्षी होतो आमच्याकडे. आजवर मी कारण विचारलं नव्हतं. सुभद्राबाई आली, तिला आधी वाटी भरून दिली.

१४ मार्च, शुक्रवार

हंसाबेनना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मृत्यूची नोंद नसेल तर आईचं प्रतिज्ञापत्र चालेल. पहिली मुलगी अमुक साली वारली, दुसऱ्या मुलीला तेच नाव ठेवलं, दाखला पहिलीचा आहे. आईचा अंगठा, ओळख पटवणारा एक साक्षीदार, नोटरीचा शिक्का. आठवड्यात फाइल दिल्लीला, व्हिसाच्या ऑफिसात.

मी सहज हसत विचारलं, "समजा ती जिवंत असती तर?"

"तो पछी लांबुं. पहेलां एनां बधां कागळ सुधारवानां. रेशनकार्ड, लग्न, बधुं. कोर्टमां. छ महिना, आठ महिना." मग बोट वर करून म्हणाल्या, "ने बेन, मारी पासे खोटुं ना करावता. एक खोटुं पकडाय तो आखी जिंदगी माटे दरवाजो बंद."

मी म्हटलं, खोटं कशाला? मेली ती मेली.

२४ मार्च, सोमवार. धुळवड

गल्लीत रंग, दारात पोरं, आणि घरात आमचं महाभारत.

मसुदा आला. गुजरातीत टाइप केलेला. मी आईला मराठीत वाचून दाखवला. "माझी पहिली मुलगी रंजना ही आठ महिन्यांची असताना मयत झाली असून—" आईने हात वर केला. थांब म्हणाली. मी शाईची डबी उघडून पुढे ठेवली. आईने मूठ आवळली. लहान पोरं औषध घेताना तोंड मिटतात तशी!

"नही देऊ."

का? "नही देऊ." अगं, तूच सांगितलंस ना ती गेली? "सांगं व्हतं. आंगठा नही देऊ."

मग मी बोलले. नको ते बोलले. अकरा वर्षं तुझ्या नवऱ्याची घाण काढली. आता एक संधी आली तर तुला तीही बघवत नाही. तुला मी इथेच हवी आहे, मरेपर्यंत, पाय चेपायला. मेलेलीची माया आणि जिवंत आहे तिला विचारत नाही!

शेवटचं वाक्य ऐकून आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच घाबरले. सुभद्राबाई मोरीत भांडी घासत होती. ती मध्ये पडली नाही. एरवी पडते.

२७ मार्च

आई तीन दिवस नीट जेवली नाही. मीही बोलत नाही.

मगनभाईंचा निरोप आला. ३० एप्रिलपर्यंत कागद दिल्लीला गेले तर ठीक, नाहीतर त्यांनी केरळची एक मुलगी बघून ठेवलीय. वय सव्वीस.

१ एप्रिल, मंगळवार

एप्रिल फूल नाही हे. देवाशपथ नाही.

कसं लिहू? जसं झालं तसंच लिहिते.

सकाळी आईच म्हणाली, बस. मी ड्युटीला निघालेली, युनिफॉर्म घातलेला. म्हटलं, उशीर होतोय. "बस व्हय." बसले. आईने दार लोटून घेतलं.

"ती मरनी नही," म्हणाली.

मला कळेचना. म्हटलं, कोण?

"ती. जित्ती शे. मी दिधी तिले."

आईची थोरली बहीण, माझी मावशी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. नवरा दुसरी करायला निघालेला. मुलगीही बघून झाली होती. मावशी माहेरी आली आणि आईपुढे पदर पसरून बसली. दोन दिवस पाणी घेतलं नाही. "मन्ही सख्खी बहीन, मन्हा उंबऱ्यात मरी जाती. मी काय करू?" आईने आठ महिन्यांची लेक उचलली आणि मावशीच्या ओटीत घातली. मूल ओटीत घातलं की देणारीने पुन्हा 'माझी' म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. विचारणाऱ्याला 'आमची गेली' एवढंच सांगायचं. बाबा तीन दिवस जेवले नाहीत. मावशीचं घर तीन कोसांवर. जत्रेत, लग्नात लेक दिसायची. आईच्याने ते बघवेना. म्हणून आम्ही सुरतेला आलो. लूमसाठी नाही! मला आजवर वाटायचं पोटासाठी आलो.

आणि मी झाल्यावर बाबा म्हणाले, रंजना आपल्या घरात राहिलीच पाहिजे. म्हणून मी रंजना. मावशीने तिकडे तिचं नाव बदललं. पोरीला शाळेत घालायचंच नव्हतं, दाखला कुणी मागितला नाही. तो इकडेच राहिला.

मी म्हटलं, काय नाव ठेवलं? विचारता विचारताच मला कळलं. तरी विचारलं.

"सुभद्रा."

आई रडली नाही. म्हणाली, तोंडाने 'मरनी' बोलले ते वाऱ्यावर गेलं. पण कागद सरकारचा. त्यावर अंगठा उठवला आणि ती खरंच मेली तर?

ड्युटीला गेलेच नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा न कळवता.

२ एप्रिल

सुभद्राबाई आली. धागे कापून बोटाला चीर पडलेली. मी पट्टी बांधली. तिचा हात हातात घेतला तर तो आईचा हात! तसाच आखूड अंगठा. वीस वर्षं हा हात मला भाकर वाढतोय आणि मी बघितलं नाही. मी, पेशंटची नखं बघून आजार सांगणारी!

ती म्हणाली, आज मुकी का?

३ एप्रिल

माझी लाज इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहू?

ती माझ्यापेक्षा मोठी, तरी तिला 'ताई' म्हणावं असं मला कधी वाटलं नाही. 'सुभद्राबाई' — कामवालीला म्हणतात तसं. शिकलेली ना मी! माझ्या विरलेल्या साड्या तिला. माझी उरलेली भाजी तिला. मी टोरांटोला जाणार म्हणून तिने कोसाडची खोली सोडून इथे यायचं, हे मीच परस्पर ठरवलं. तिला विचारलंही नाही. आणि ती "बरं" म्हणाली! आईजवळ राहायला मिळणार म्हणून म्हणाली असेल का? तिला तर माहीत नाही.

४ एप्रिल

हिशेब सरळ आहे. खरं सांगितलं तर कोर्ट, आठ महिने. टोरांटो गेलं. पुन्हा असं पत्र मला येणार नाही. आणि आई सांगते, माझा खरा जन्म आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, चार दिवस आधीचा. म्हणजे एक जूनही खोटाच!

मला अजूनही जायचंय. हे लिहिताना स्वतःचीच शिसारी येते, पण जायचंय.

८ एप्रिल, मंगळवार. पाडवा

आज पुन्हा धक्का. हे घर आहे की काय आहे!

गुढी उभारली, पुरण झालं. आई देवळात गेली. सुभद्राबाई आणि मी दोघीच. मी पाटावर बसून, भाजी निवडता निवडता, तिच्याकडे न बघता म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, "माले ठाऊक शे."

माझ्या हातातली मेथी तशीच.

"कधीपासून?"

"लगीनना येळले. मायनी सांगं." माय म्हणजे मावशी. लग्नाच्या वेळी सांगितलं म्हणजे पंधरा वर्षांची होती ही! म्हणून तिने सुरतेतलं स्थळ पत्करलं. लूमवरचा माणूस, बिजवर, चार ठिकाणी नाकारलेला. का, तर सुरतेत आई आहे. एकवीस वर्षं ती आमच्याकडे येतेय. 'मावशी' म्हणून हाक मारतेय. आईला वाटतं हिला माहीत नाही. हिला माहीत आहे की आईला तसं वाटतं. आणि मधोमध मी — सगळ्यांत शहाणी!

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. धुळवडीचं सगळं भांडण तिने मोरीतून ऐकलं होतं.

"माले मयत लिखी टाक. मन्हं काय जास? माले कोठे जानं शे? मन्हा नावनी एक चिठ्ठी बी येत नही. तू जाय."

मी म्हटलं, असं बोलू नकोस. पण — हे मी लपवणार नाही — माझ्या छातीवरचा दगड उतरला. तिने म्हणावं अशीच मी वाट बघत होते.

१० एप्रिल

तिनेच आईला सांगितलं. मी दारात उभी होते. आईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आंगठा दे. मी नही मरस." आणि शेवटी एक शब्द म्हणाली — "आई."

आमच्या घरात 'आई' फक्त मी म्हणते. आई तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस नसताना गॅस बंद केला का बघत राहिले. आमच्याकडे स्टोव्ह आहे.

आई तयार झाली. एकदा दिली होती, आता माझ्यासाठी दुसऱ्यांदा देतेय.

१५ एप्रिल, मंगळवार

झालं.

मला वाटलं होतं कागद घरी नेऊन अंगठा उठवून आणायचा. हंसाबेन म्हणाल्या, नाही, घरचे अंगठे मी घेत नाही, माणूस समोर पाहिजे. म्हणून तिघी रिक्षाने गेलो. आई मध्ये. सुभद्राबाईने धुतलेली साडी नेसली होती. माझीच जुनी, निळी.

हंसाबेननी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. कागद हळूहळू वाचून दाखवला. "मयत" शब्दाला आईने डोळे मिटले. अंगठा मीच धरला. म्हातारपणी रेषा झिजतात, ठसा नीट उठत नाही, दोनदा घ्यावा लागला. दोनदा!

मग हंसाबेन म्हणाल्या, ओळख पटवणारं कोण? मी वॉर्डातल्या आयाबाईंना बोलावलं होतं. त्या आल्याच नाहीत. घड्याळ बघितलं. नोटरी उठायच्या बेतात. हंसाबेननी सुभद्राबाईकडे बघितलं. "आ बेन छे ने? सही आवडे छे?"

सही येते तिला. साक्षरता वर्गात शिकली. फार अभिमान आहे तिला सहीचा.

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. नाही, खोटं लिहिते. शब्द होता, मी काढला नाही.

"मंगलाबेनने केटला वखतथी ओळखो छो?" नोटरीने विचारलं.

"जनमथी," सुभद्राबाई म्हणाली.

नोटरी मान हलवून म्हणाला, सारुं. त्याने बोट ठेवलं तिथे तिने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं. वर तिचं मरण, खाली तिची सही! शिक्का बसला. ती माझ्याकडे बघून हसली. सही चांगली आली म्हणून.

फाइल गुरुवारी कुरिअरने दिल्लीला जाणार. उद्या रामनवमी, ऑफिस बंद.

येताना तिने आईला जिन्यावरून धरून उतरवलं. मी पुढे चालत होते. मागे वळून बघवेना.

१६ एप्रिल

रामनवमी. ड्युटी मागून घेतली. एका पेशंटला दोनदा तेच इंजेक्शन द्यायला निघाले होते. शेजारच्या सिस्टरने हात धरला.

मगनभाईंचा फोन आला, अभिनंदन म्हणाले. बांना माझा फोटो आवडला म्हणे.

१७ एप्रिल, गुरुवार

ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले. हंसाबेन आल्या, कुलूप काढलं. माझी फाइल टेबलावर होती, कुरिअरच्या पाकिटात, तोंड अजून चिकटवायचं बाकी. "शुं थयुं, बेन?" मी पाकिटातून तो कागद काढला. त्या म्हणाल्या, काही चुकलंय का त्यात?

मी म्हटलं, हंसाबेन, साक्षीदार म्हणून खाली जिची सही आहे ना, तीच वरची मेलेली मुलगी.